डबा घट्ट हाय

चनबसाप्पांचा एक्क्याऐंशीवा वाढदिवस समुद्रावर करायचा ठरला, तेव्हा कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या माणसांनी तोंडात बोटं घातली. ज्या म्हाताऱ्यानं उभ्या जन्मात रंकाळ्यापेक्षा मोठं पाणी धड बघितलं नव्हतं, तो निघाला लक्षद्वीपच्या बोटीवर राहायला! ही अक्कल धाकट्याची, विश्वजितची. पुण्याहून फोन करून तो सगळ्यांना एकच सांगत होता, "पेठेतलं घर नको, वहिनीचा फ्लॅट नको. मधली जागा पाहिजे. बोटीवर कुणाचाच घाणा नाही."

घाण्याचंच तर सगळं रामायण होतं. चार पिढ्या ह्या घरानं शेंगदाण्याचं तेल गाळलं, आणि त्याच घरात मधल्या लेकाची, महांतेशची, दोन्ही पोरं अशी निपजली की शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी घसा सुजून श्वास कोंडावा. आता बोला! श्रुतीच्या वेळी सगळे नशीब म्हणाले. पाठच्या आदर्शलाही तेच निघालं, तेव्हा त्यांच्या आईनं, सुष्मितानं, पोरं उचलली आणि ताराबाई पार्कात भाड्यानं जागा घेतली. महांतेश दिवसभर घाण्यावर, संध्याकाळी अंघोळ करून, कपडे बदलून बायकोपोरांकडं. बोलायला तोंडं काय कमी? सुनेनं घर फोडलं, असं झालं. आदर्श चालायला लागल्यापासून त्यानं अज्जाच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

निघायच्या दिवशी ट्रॅव्हलर बोळाच्या तोंडाशी उभी होती. सुष्मिता पोरांना घेऊन काचा लावून आत बसलेली. मागं महांतेश बॅगा रचत होता, तेवढ्यात अक्काताई पदराखाली काहीतरी धरून आली. अक्काताई म्हणजे चनबसाप्पांची थोरली लेक. नवरा गेल्यावर माहेरी आली ती घाण्याचीच होऊन राहिली. जन्मभर 'मी येतो, मी जातो' असंच पेठेतलं बोलणं बोलली; विश्वजितच्या सोसायटीतल्या बायका फिदीफिदी हसल्या तरी तिनं ते सोडलं नाही.

"काय आणलंस गं?" महांतेशनं विचारलं.

"अप्पांची शेंगाचटणी. अन् त्याच डब्यात चार शेंगपोळ्या."

"अक्का, विश्वानं काय सांगितलंय? बोटीवर बाहेरचं खाणं चालत न्हाय. मशिनीत घालून बॅगा बघतेत."

"म्हणून तर हितं आलो. पोरांच्या बॅगंला परवानगी हाय न्हवं? डॉक्टरची चिठ्ठी हाय. ती कोण उचकटणार न्हाय."

महांतेशनं निळ्या बॅगेकडं बघितलं. तिच्यात सुष्मितानं आपल्या स्वयंपाकघरात, पोरांच्या वेगळ्या भांड्यांत केलेल्या दशम्या होत्या, तिळाचे लाडू होते, राजगिरा होता. सगळं धुतलेल्या पंच्यात बांधलेलं.

"खरं, पोरांच्याच बॅगंत? येड लागलंय काय तुला?"

"डबा घट्ट हाय रं. वर दोन पिशव्या बांधल्यात. शेंगदाणा काय उडी मारतोय व्हय? बोटीवर गेलो की पैल्यांदा काढून घेतो. अप्पा चटणीबिगर घास गिळत न्हाईत, तुला म्हाईत हाय. ह्या वयात म्हाताऱ्याला उपाशी मारायचं काय, सांग की!"

महांतेशनं काचेकडं बघितलं. सुष्मिताची पाठ दिसत होती. तिला कळलं असतं तर ती तिथंच पोरांना घेऊन उतरली असती, आणि एवढ्या खटपटीनं जुळत आलेलं पुन्हा मोडलं असतं. बायको आणि बहिणीच्या मधी उभं राहून राहून त्याला वीट आला होता. त्यानं दशम्यांचं गाठोडं उचललं, डबा तळाला जाऊ दिला, वर गाठोडं ठेवलं आणि चेन ओढली.

"तिला सांगू नको," अक्काताई हळूच म्हणाली.

"आणि मी बघितलंय म्हणून तूबी कुणाला सांगू नको," तो म्हणाला.

*

अक्काताई शब्दाला पक्की. बोटीवर चढल्याचढल्या ती पोरांच्या उशाशी विभूती ठेवायचं निमित्त करून त्यांच्या खोलीत गेली. सुष्मिता पोरांना घेऊन डेकवर समुद्र दाखवत होती, आणि महांतेश दार उघडून देऊन बाहेर थांबला. तिनं बॅगेत हात घातला तो बोटांना ओशट लागलं.

उखळात कुटलेली चटणी. तेल सुटल्याशिवाय ती चटणी कसली? गाडीत बॅगांवर बॅगा पडल्या, झाकण सरकलं, आणि दोन पिशव्यांच्या गाठींतनं तेल पाझरून तळाला आलं होतं. तिनं पदरानं बॅगेचं अस्तर पुसलं, पुन्हा पुसलं. गाठोडं उजेडात धरून फिरवून बघितलं. डाग दिसेना. मग तिनं ते नाकाला लावलं आणि डोळे मिटून हुंगलं.

कसला वास येतोय! घाण्यावर जन्म काढलेल्या बाईला शेंगतेलाचा वास येत नसतो. तिच्या केसांना तोच, उशीला तोच, पाण्याच्या तांब्याला तोच. तिला नुसतं धुतलेलं कापड लागलं. "न्हाय काय," ती स्वतःशीच म्हणाली, गाठोडं जिथल्या तिथं ठेवलं आणि डबा घेऊन बाहेर आली. तोंडातनं शब्द काढायला तिचा धीर झाला नाही. आताच तर सुष्मिता तिला हसून 'अक्का, चहा घेताय न्हवं?' म्हणाली होती. किती वर्षांनी!

दुसऱ्या दिवशी सकाळी चनबसाप्पांनी खोलीत लिंगपूजा केली, विश्वजितनं आणलेलं कोरं धोतर नेसलं, कोरा सदरा घातला आणि नाश्त्याला जाऊन बसले. आदर्श समोर येऊन उभा राहिला. आईकडं वळून बघितलं. सुष्मितानं क्षणभर म्हाताऱ्याच्या सदऱ्याकडं, हातांकडं निरखून बघितलं आणि मान हलवली. पोरगं टुणकन मांडीवर चढलं.

म्हातारा ताठ बसून राहिला. नातवाला धरावं का नाही, तेच त्यांना कळेना.

"अज्जा, धर की! पडतोय मी."

मग धरलं त्यांनी. पोराच्या डोक्याला खोबरेल तेलाचा वास होता. डोळे भरून आले तसे ते मुद्दाम खेकसले, "किती हाडकुळा हाईस रं! आई खायाला घालत न्हाय काय?"

बोटीच्या मुदपाकखान्याचा मुख्य, वेंगुर्ल्याकडचा माणूस, स्वतः झाकलेल्या दोन ताटल्या घेऊन आला. "पोरांचा इडलीचा साचा वेगळा, भांडी वेगळी. मी स्वतः उभा होतो, ताई."

"तेल कुठलं?" चनबसाप्पांनी विचारलं.

"सूर्यफुलाचं, आजोबा."

"सूर्यफुलाचं!" म्हाताऱ्यानं असं तोंड केलं की सुष्मितासुद्धा खळखळून हसली.

नाश्ता झाल्यावर अक्काताईनं बापाला आपल्या खोलीत नेऊन डबा पुढं केला. "घ्या अप्पा. चोरून आणलीय."

चनबसाप्पांनी झाकण उघडलेलं बघितलं आणि हात मागं घेतले. "लाव ते आदी. नातू मांडीवर बसतोय माझ्या. आता ही बोटाला लागली तर पुन्हा बसंल काय त्यो?"

"मग जेवणार कशासंगट?"

"मिठासंगट जेवीन. टाकून दे जा."

अन्न टाकायचं तिच्या जिवावर आलं. तिनं डबा कपाटात ठेवला.

*

दुपारी डेकवर ऊन तापलं होतं. सुष्मिता खुर्चीत पाय लांब करून बसली होती, आणि किती दिवसांनी तिचं कपाळ मोकळं झालं होतं. पोरं जन्मली तेव्हापासून लग्न, बारसं, जत्रा, शेजारचं हळदीकुंकू, जाईल तिथं तिची नजर ताटावर. लोक म्हणायचे, पोरांना काचेच्या कपाटात ठेवलंय. म्हणेनात का! सकाळी पोरगं अज्जाच्या मांडीवर चढलं, तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा आलं, की दिवाळीला पेठेत जाऊन बघावं. घाणा चार दिवस बंद ठेवा म्हटलं तर अप्पा ठेवतीलही.

"आई, भूक लागली," आदर्श आला.

"खाली जेवायला जाऊया की."

"नको. दशमी दे. गूळ लावून."

तिनं निळी बॅग उघडली. वरची दशमी काढली, निम्मी मोडली, गूळ लावला आणि भरवली. पोरगं समुद्राकडं बघत खात होतं. दोन घास गेले, तिसरा गेला.

"आई, जीभ टोचतीय."

तिचा हात थांबला. ओठाच्या कडेला गांध उठली होती. बघता बघता गळ्यावर, कानामागं, पोटावर लाल चट्टे. पोरगं खोकलं. तो खोकला तिनं आधी दोनदा ऐकला होता. तिनं आणखी काही बघितलं नाही की विचार केला नाही; त्याला खाली आडवं केलं, पेनसारखं इंजेक्शन काढून मांडीत बाहेरच्या बाजूला दाबलं आणि ओरडली, "श्रुती, पळ! डॉक्टर!"

श्रुती पळाली. बारा वर्षांच्या पोरीला घरात हेच शिकवलेलं होतं, की रडायचं नंतर, आधी पळायचं.

"आई, श्वास..." पोराचा आवाज घोगरा झाला, मग नुसती शीळ येऊ लागली. डॉक्टर येईतोवर ओठ निळे पडले. सुष्मितानं दुसरं इंजेक्शन दिलं. आदर्शच्या वाटणीची दोनच होती, ती संपली.

*

बोटीवरच्या दवाखान्याच्या बाहेर अरुंद बोळ होता आणि त्यात महांतेशचा आवाज मावत नव्हता.

"पोराला काय घातलंस सांग! सूर्यफूल म्हणून काय वतलंस इडलीत? कोल्हापूरचा हाय मी, समुद्रात फेकीन!" त्यानं त्या वेंगुर्ल्याच्या माणसाची गचांडी धरली होती.

"साहेब, इडली सकाळची. त्यानंतर बाळानं आमच्याकडचं काहीच खाल्लेलं नाही. आईनं घरचं दिलं, हे त्याच सांगताहेत."

"म्हणजे आईनं विष घातलं म्हणतोस?"

"सगळं रेकॉर्ड होतंय," विश्वजित मोबाईल वर धरून म्हणाला. "तुमच्या कंपनीला कोर्टात खेचतो. बोला, अजून बोला."

चनबसाप्पा बाकावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून. अक्काताई भिंतीला टेकून उभी होती. घरचं, हा शब्द ऐकला आणि ते हुंगलेलं गाठोडं तिच्या डोळ्यांपुढं आलं. तिनं भावाकडं बघितलं. त्यानं बघितलं नाही. तो त्या माणसाला आणखी जोरात हलवू लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि ती बघत उभी राहिली. आता बोलतो, मग बोलतो, असं करत ती वेळ काढत राहिली. पोरगं बरं होऊन बाहेर येऊ दे, बसवण्णा, मग सगळं सांगतो, असं ती मनात म्हणत होती. आपल्या जिवाची भीती नव्हती तिला. सुष्मिता पुन्हा कधी चहा विचारणार नाही, ही होती.

दार उघडलं. सुष्मिता बाहेर आली. तिच्या हातात निळी बॅग होती.

"श्वास अजून मोकळा नाही. नळी घालायची म्हणतात. बोट गोव्याकडं वळवलीय," ती म्हणाली. मग कोपऱ्यात हुंदके देत बसलेल्या श्रुतीजवळ गेली. "तू सकाळच्या इडलीनंतर काही खाल्लं नाहीस न्हवं? आता ह्या बोटीवरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. कुणावर विश्वास ठेवायचा नाही. त्या इडलीतच काहीतरी होतं; हे माझ्या हातचं आहे, आपल्या घरचं खा." आणि तिनं गाठोड्यातनं खालची दशमी काढून पोरीच्या हातात दिली.

श्रुतीनं ती तोंडाजवळ नेली.

"नको!" अक्काताई एवढ्या जोरानं धावली की पोरगी भिंतीवर आदळली. दशमी खाली पडली. "खाऊ नको! हात धू! त्येला शेंगतेल लागलंय!"

महांतेशचे हात त्या माणसाच्या गळपट्टीवरनं खाली आले.

सुष्मितानं आधी श्रुतीचा हात धरला, आतल्या बेसिनवर नेऊन साबणानं खसाखसा धुतला. पोरीचं तोंड उघडून बघितलं. मग बाहेर आली. ओरडली नाही.

"काय म्हणालात अक्का?"

"चटणीचा डबा घातला होता मी बॅगंत. तळाला. अप्पांसाठी. ह्या बॅगंला कोण अडवत न्हाय म्हणून. बोटीवर आल्या आल्या काढून घेतला. तेल गळलं होतं. पुसलं मी. गाठोडं हुंगून बघितलं. मला वास आला न्हाय गं सुष्मिता, शपथ."

"तुम्हाला कसा येईल, अक्का?" ती म्हणाली. नंतर तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "मी माझ्या हातानं भरवली. तो नको म्हणला नाही. गूळ लावून भरवली मी त्याला!"

चनबसाप्पांनी वर बघितलं. "माझ्यासाठी आणलीस? मी मागितली होती?"

"न्हाय अप्पा."

"मग माझं नाव कशाला घेतीस?"

ते बापाचं बोलणं अक्काताईला इतकं लागलं की तिनं आधारासाठी भावाकडं बघितलं. तोच एक होता. "महांतेशला..." ती एवढंच म्हणाली.

"अक्का, पुरे!" महांतेश गरजला. "असं कसं केलंस तू? लाज कशी वाटली न्हाय? एका शब्दानं मला सांगितलं असतंस तर मी डबा तितंच गटारात फेकला असता!"

अक्काताई त्याच्याकडं बघत राहिली. ह्याला तिनं कडेवर घेऊन वाढवला होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि डोळे विनवण्या करत होते. तिनं मान खाली घातली.

"चुकलो मी," ती म्हणाली. "एकटी चुकलो."

विश्वजितनं मोबाईल खिशात टाकला आणि वेंगुर्ल्याच्या माणसाला "सॉरी हं" म्हणाला. त्या माणसानं गळपट्टी नीट केली, खाली वाकून पडलेली दशमी हातमोज्यानं उचलली, पिशवीत घातली आणि फरशी पुसायला लागला.

*

ऊन कलताना किनाऱ्याकडनं एक वेगातली बोट येऊन भिडली. आदर्शला स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधलं होतं, तोंडात नळी होती. शुद्ध नव्हती. एकदा उतरलेली रिअ‍ॅक्शन पुन्हा उलटू शकते, आणि मेंदूला हवा किती वेळ कमी पडली हे आताच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. बरोबर एकालाच जाता येणार होतं.

महांतेश कठड्याशी उभा होता. सुष्मिता श्रुतीला घेऊन त्याच्याजवळ आली.

"हिला तुमच्याजवळच ठेवा. अक्कांच्या खोलीत नको. कुणाच्याच नको."

"व्हय."

"हिची दोन इंजेक्शनं." तिनं ती त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं आपल्या हातानं मिटली. "तुम्ही अक्कांवर ओरडलात. मला वाटलं होतं, तुम्ही पुन्हा घराचीच बाजू घेणार. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोललात."

महांतेशनं इंजेक्शनांवरची मूठ आवळली. आता सांगावं. आता नाही तर कधी? खालून माणसं हाका मारत होती, स्ट्रेचर दोरांवर डुलत खाली उतरत होतं.

"तुम्हाला माहीत असतं तर हे झालंच नसतं," ती म्हणाली.

"न्हाय," महांतेश म्हणाला. "झालं नसतं."

ती गेली. शिडीवरनं उतरताना तिनं वर बघितलं नाही. छोटी बोट पाणी कापत निघाली आणि बघता बघता लहान झाली. पलीकडच्या टोकाला अक्काताई डोक्यावर पदर घेऊन उभी होती. तिच्याजवळ कुणी नव्हतं. चनबसाप्पा खोलीत जाऊन दार लावून बसले होते.

श्रुती बापाचं बोट धरून उभी होती. तिनं विचारलं, "पप्पा, आदर्श मरणार नाही न्हवं?"

"न्हाय गं. असं बोलू नये."

तिनं लांब गेलेल्या बोटीकडं बघितलं. मग म्हणाली, "गाडीत बॅगा तुम्हीच लावत होता की. मागच्या काचेतनं मी बघत होतो. निळी बॅग तुम्ही उघडली होती."

"चेन नीट लागली न्हवती."

"आत्ती तिथंच होती."

महांतेशनं समुद्राकडं बघितलं. "गडबड होती गं. ध्यानात आलं न्हाय माझ्या."

श्रुतीनं त्याचं बोट सोडलं. त्याची मूठ उघडली, आतली दोन्ही इंजेक्शनं काढून घेतली आणि आपल्या फ्रॉकच्या खिशात घातली.

"राहू दे," ती म्हणाली. "मी ठेवतो माझ्याजवळ."